शंभर इंची पडदा घरात आणायचाय? आधी भिंत, उजेड आणि दुरुस्तीचा हिशोब करा

भिंतीला लागून एक बुटकं टेबल, त्यावर मोठ्या डब्याएवढं एक यंत्र, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर शंभर इंचाचं चित्र. छताला काही टांगलेलं नाही, खोलीभर वायरी नाहीत, मधून कोणी चालत गेलं तरी पडद्यावर सावली नाही. अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजेच यूएसटी प्रोजेक्टरची जाहिरात ही अशी असते. काही कंपन्या यालाच 'लेझर टीव्ही' म्हणतात.

जाहिरात खोटी नसते. पण ती ज्या हॉलमध्ये काढलेली असते तो आपला हॉल नसतो. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी असो की सीमेपलीकडचं गोंदिया, आमगाव, तुमसर, आपल्या घरांचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर, पावसाळ्यात भिंतींना ओल, धानाच्या हंगामात दिव्याभोवती तुडतुडे, मधेच जाणारी लाइन, आणि यंत्र बिघडलं तर नागपूर नाहीतर जबलपूरची वाट. प्रोजेक्टर आणि त्याला लागणारा खास पडदा मिळून चांगल्या मॉडेलचा खर्च सहज दोन-तीन लाखांच्या घरात जातो. एवढ्या पैशात मोठा टीव्ही आणि साउंडबार येऊन वर पैसे उरतात.

म्हणून कोणतं मॉडेल चांगलं, हा प्रश्न नंतरचा. आपली खोली या यंत्रासाठी योग्य आहे का, हा पहिला. या लेखात तेच पाहू.

यंत्र चालतं कसं?

जत्रेतला तंबू सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल. मशीन मागे, लोक मधे, पडदा पुढे, आणि डोक्यावरून जाणारा उजेडाचा पट्टा. घरातला साधा प्रोजेक्टरही असाच चालतो. चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं, त्या आकड्याला 'थ्रो रेशो' म्हणतात. शंभर इंची चित्र २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच असतं. थ्रो रेशो १.३ असेल तर यंत्र २२१ गुणिले १.३, म्हणजे जवळपास २ मीटर ८७ सेंटीमीटर मागे ठेवावं लागतं.

यूएसटीमध्ये हा आकडा पाव किंवा त्याहूनही कमी असतो. ०.२५ धरला तर अंतर ५५ सेंटीमीटर. त्यात यंत्राच्या आत एक वक्र आरसा असतो. उजेड आधी त्या आरशावर पडतो आणि तिथून तिरपा होऊन वर भिंतीकडे जातो. त्यामुळे डब्याची मागची बाजू भिंतीपासून वीत-दीड वीत अंतरावर राहते. काही मॉडेल तर याहूनही जवळ बसतात.

हे तंत्र फार जुनं नाही. एलजीने २०१३ साली अमेरिकेतल्या सीईएस प्रदर्शनात शंभर इंची लेझर टीव्ही दाखवला. तेव्हा ही चैनीची वस्तू होती. २०१७ मध्ये शाओमीने चीनमध्ये ९,९९९ युआनला असा प्रोजेक्टर आणला आणि मध्यमवर्गीय घरात याचा विचार सुरू झाला. आता एप्सन, बेनक्यू, सॅमसंग, हायसेन्स, फॉरमूव्ही, एक्सजिमी अशी बरीच नावं या बाजारात आहेत.

आपल्याकडच्या घरात याचा एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे पंखा. साधा प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर लावला की छताचा पंखा उजेडाच्या आड येतो, आणि छताला टांगला तर पंख्याच्या हादऱ्याने चित्र थरथरतं. यूएसटीला पंख्याशी काही देणंघेणं नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करून कोणी सिनेमा पाहणार नाही, त्यामुळे ही गोष्ट लहान समजू नका.

पहिली परीक्षा: उजेड

टीव्ही स्वतः उजेड देतो. प्रोजेक्टर भिंतीवर उजेड पाडतो, आणि काळा रंग त्याला पाडताच येत नाही. जिथे काळं दाखवायचं तिथे तो फक्त उजेड थांबवतो. म्हणजे प्रोजेक्टर बंद असताना तुमची भिंत जेवढी पांढरी दिसते, त्याहून काळं काहीही त्या भिंतीवर दिसू शकत नाही. ही एक गोष्ट समजली की निम्मा लेख समजला.

आता आकडे. प्रोजेक्टर २,५०० ल्युमेनचा आहे असं समजा. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. साध्या पांढऱ्या भिंतीवर हा उजेड साधारण २९० निट एवढा दिसेल. निट म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या चकाकीचं माप. सिनेमागृहातला पडदा ४८ निटचा असतो, म्हणजे अंधारात २९० निट भरपूर झाले. पण हॉलमधला ट्यूबलाइट सुरू आहे आणि भिंतीवर १०० लक्स उजेड पडतोय असं धरा. त्या उजेडाने भिंत स्वतःच ३२ निट चमकते. आता चित्रातला सगळ्यात काळा भाग ३२ आणि सगळ्यात पांढरा भाग ३२२. फरक फक्त दहा पट. रात्रीचं दृश्य राखाडी धुरासारखं दिसेल, नटीचे काळे केस पांढुरके दिसतील. साधा टीव्हीसुद्धा तीनशे-चारशे निट देतो आणि त्याचं काळं काचेचं पॅनेल खोलीतला उजेड बऱ्यापैकी गिळून टाकतं. म्हणून उजेडात टीव्ही कायम पुढे राहतो.

पडदा १२० इंचांचा केला तर तोच उजेड जवळजवळ दीडपट जागेवर पसरतो आणि चकाकी तेवढी घटते. दुकानदार 'दीडशे इंचापर्यंत जातं' म्हणेल. जातं खरं, पण फिकट जातं.

डब्यावरचा ल्युमेनचा आकडाही तपासून घ्या. 'आन्सी' किंवा 'आयएसओ' ल्युमेन लिहिलं असेल तर तो मोजण्याची ठरलेली पद्धत वापरलेला आकडा. 'एलईडी ल्युमेन', 'लाइट सोर्स ल्युमेन' असं काही लिहून मोठा आकडा छापला असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका.

पडद्याचे पैसे वाचवू नका

'भिंत पांढरी आहे, पडदा कशाला?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. यूएसटीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. दिवसा किंवा दिवा लावून पाहायचं असेल तर पडदा लागतोच.

यूएसटीसाठी जो खास पडदा मिळतो त्यावर आडव्या, अगदी बारीक रेघांसारख्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीची खालची बाजू उजेड प्रेक्षकाकडे परतवते आणि वरची बाजू काळी असते. प्रोजेक्टरचा उजेड खालून येतो, तो परत फिरतो. ट्यूबलाइटचा उजेड वरून येतो, तो काळ्या बाजूत मुरतो. कंपन्या वरचा ८०-९० टक्के उजेड अडतो असं सांगतात. ८० टक्केच धरू. वरच्या उदाहरणातली ३२ निटची पांढरट झाक सहाच्या आसपास येते. पडदा थोडा गडद असल्यामुळे चित्राची चकाकीही २९० वरून पावणेदोनशेपर्यंत उतरते. तरी फरक दहा पटीवरून जवळपास तीस पटीवर जातो. म्हणजे महागडा प्रोजेक्टर उघड्या भिंतीवर लावण्यापेक्षा मध्यम प्रोजेक्टर योग्य पडद्यावर लावला तर चित्र चांगलं दिसतं.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, 'उजेड अडवणारा पडदा' एवढंच ऐकून घेऊ नका. लांबून फेकणाऱ्या प्रोजेक्टरचे असे पडदे वेगळे असतात. ते खालून येणारा उजेडही अडवतील, म्हणजे तुमच्याच यंत्राचा उजेड मारतील. बिलावर 'यूएसटीसाठी' असं लिहून घ्या.

दोन, हा पडदा वरचा उजेड अडवतो, बाजूचा नाही. पडद्याशेजारी किंवा समोर खिडकी असेल तर जाड पडदे लावावेच लागतील. चारी बाजूंचा उजेड अडवणारा 'फ्रेनेल' पडदा मिळतो, पण तो बाजूला बसलेल्यांना फिका दिसतो, आणि अनेकदा तो एकसंध कडक फळीच्या रूपात येतो. सव्वादोन मीटर रुंदीची फळी तुमच्या जिन्यातून वर जाईल का, ते आधी मोजा.

तीन, गुंडाळून वर जाणारा साधा पडदा यूएसटीला चालत नाही. पंख्याच्या वाऱ्याने तो हलला की चित्रात लाटा दिसतात. चौकटीवर ताणलेला पडदाच घ्या.

भिंत आणि टेबल

यूएसटीचा उजेड भिंतीवर फारच तिरपा पडतो. चित्राच्या वरच्या कडेला तो तिरपेपणा इतका असतो की भिंतीतला ३ मिलिमीटरचा फुगवटा चित्राला ९ मिलिमीटर सरकवतो. तीन मीटर मागे ठेवलेल्या साध्या प्रोजेक्टरमध्ये तोच फुगवटा जेमतेम मिलिमीटरभर चूक करतो. त्यामुळे ज्या भिंतीवर साधा प्रोजेक्टर छान दिसायचा, तिथे यूएसटी लावला की मजकुराच्या ओळी नागमोडी दिसतात. मातीच्या, लिंपलेल्या भिंतींच्या जुन्या कवेलू घरात तर थेट भिंतीचा विचारच सोडा. सिमेंटच्या घरातही लांब सरळ पट्टी लावून भिंत तपासा.

प्रोजेक्टरमध्ये कोपरे ओढून चित्र सरळ करायची सोय असते. ती मशीनच्या आत चित्र वाकवून केलेली तडजोड असते आणि बारकावे कमी करते. आधी यंत्र हाताने नीट बसवा, ती सोय शेवटच्या दोन-चार मिलिमीटरसाठी ठेवा.

टेबल हलता कामा नये. थ्रो रेशो पाव असेल तर यंत्र १ सेंटीमीटर सरकलं की चित्राची रुंदी ४ सेंटीमीटर बदलते. झाडू-पोछा करताना टेबलाला धक्का लागला की चित्र चौकटीच्या बाहेर गेलंच समजा. चाकांचं टेबल नको. यंत्राच्या पायांच्या जागी पेन्सिलने किंवा टेपने खूण करून ठेवा, धक्का लागल्यावर दोन मिनिटांत परत जागेवर येतं.

टेबलाच्या खोलीकडेही बघा. यंत्राची खोली ३०-३५ सेंटीमीटर, त्यामागे वीतभर मोकळी जागा, म्हणजे भिंतीपासून ५५-६० सेंटीमीटर गेले. सुताराने टीव्हीसाठी केलेलं युनिट बहुधा एवढं खोल नसतं.

खोलीचं माप कसं घ्याल?

टेप घेऊन खालून वर मोजत जा. टेबल ४५ सेंटीमीटर, त्यावर यंत्र १५, यंत्राच्या वर चित्र सुरू होईपर्यंत साधारण ३० (हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो), आणि मग चित्र १२५. बेरीज २१५ सेंटीमीटर, म्हणजे सात फूट. दहा फुटी छताच्या खोलीत शंभर इंच आरामात बसतं. १२० इंचाला आठ फूट लागतात, तिथे दारावरची पट्टी, घड्याळ, फोटो, एसी आड येतो का ते पाहा.

या हिशोबात चित्राचा खालचा काठ जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर येतो. सोफ्यावर बसणाऱ्यांना ठीक. पण आपल्याकडे सतरंजी टाकून खाली बसून बघणारेही असतात, त्यांची मान वर राहील. अशा घरात टेबल जितकं बुटकं तितकं बरं.

बसायचं अंतर शंभर इंचासाठी तीन ते चार मीटर धरा. दहा बाय बाराच्या खोलीत यंत्राची जागा वजा केली तर लांबीच्या बाजूने जेमतेम तीन मीटर उरतात. त्याहून छोट्या खोलीत मोठा टीव्हीच शहाणपणाचा. आणि चित्र जिथे संपतं त्यावरचं छत झगझगीत पांढरं असेल तर पडद्यावरून उडालेला उजेड तिथे दिसत राहतो. पडद्यावरच्या दोन-तीन फुटांना फिकट राखाडी, न चमकणारा रंग दिला तर फरक जाणवतो.

ऊन, धूळ, ओल आणि तुडतुडे

लेझर यंत्र उष्णता सोडतं. बहुतेक मॉडेलांच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ३५, फार तर ४० अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात बालाघाटच्या पत्र्याच्या किंवा थेट गच्चीखालच्या खोलीत दुपारी याहून जास्त तापतं. यंत्र गरम झालं की पंखा जोरात फिरतो, मग उजेड आपोआप कमी होतो, शेवटी ते बंद पडतं. खोलीत एसी नसेल तर एप्रिल ते जूनमध्ये दुपारी लावू नका. संध्याकाळी खोली निवल्यावरच लावा. यंत्राच्या दोन्ही बाजूंना हवेसाठी वीतभर जागा सोडा, बंद कपाटात कोंडू नका.

कूलरचं तोंड यंत्राकडे करू नका. कूलरच्या हवेबरोबर बारीक तुषार येतात, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि काचेवर पांढरे ठिपके बसतात.

यूएसटीची काच वर तोंड करून असते, म्हणजे खोलीतली सगळी धूळ तिच्यावरच बसायला येते. धूळ बसली की चित्राभोवती धूसर झाक दिसते. हॉलमध्येच देवघर असेल तर अगरबत्ती-धुपाचा धूर, आणि स्वयंपाकघर उघडं असेल तर फोडणीचा तेलकट थर, दोन्ही काचेवर जमतात. काच साफ करताना यंत्र बंद करा, थंड होऊ द्या, आधी कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मग स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने हलकं पुसा. टॉवेल, ओढणी, साडीचा पदर नको. काच पुसायचा स्प्रे थेट मारू नका. वापर झाल्यावर झाकण घाला, पण आतला पंखा थांबल्यावरच.

पडद्यावर ओलं फडकं कधीच फिरवू नका. त्या बारीक पायऱ्यांमध्ये मळ घुसला की निघत नाही. मऊ ब्रशने रेघांच्या दिशेने, आडवं झाडा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर पडदा लावू नका, मागून बुरशी धरते. आधी भिंतीची गळती दुरुस्त करा.

धानाच्या पट्ट्यात एक खास अडचण आहे. पावसाळा सरता सरता शेतातले तुडतुडे (आपल्याकडे कोणी माहो म्हणतं) संध्याकाळी दिव्यावर झेपावतात. अंधाऱ्या खोलीत सगळ्यात उजळ जागा म्हणजे प्रोजेक्टरची काच. तिच्यावर बसलेला तांदळाएवढा किडा पडद्यावर हातभर दिसतो, आणि चिरडला तर काचेला डाग. पाल तर उबेसाठी यंत्रावर येऊन बसतेच. खिडक्यांना बारीक जाळी लावा आणि त्या दिवसांत सिनेमा लावायच्या आधी अर्धा तास बाहेरचा ओसरीतला दिवा सुरू ठेवा. निम्मे तिकडे जातील.

लाइन, इन्व्हर्टर आणि वीज कडाडते तेव्हा

असा प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट घेतो असं धरू. रोज चार तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. बालाघाटमध्ये पूर्व क्षेत्र वीज कंपनीचं बिल, गोंदियात महावितरणचं. आपापल्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याचा दर घेऊन गुणाकार करा.

जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरला लाइन गेली की धोका मोठा असायचा, दिवा गरम असतानाच थंड करणारा पंखा थांबायचा. लेझरमध्ये तो धोका कमी आहे, पण वारंवार झटके कोणत्याच यंत्राला चांगले नाहीत. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह असेल तरच त्यावर जोडा, स्क्वेअर वेव्हवर नको. नाहीतर यंत्राच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा यूपीएस घ्या, म्हणजे लाइन गेल्यावर नीट बंद करायला वेळ मिळतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनचं सॉकेट असलं म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं.

मे-जूनच्या वादळात आणि पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की फक्त स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा. त्याबरोबर गच्चीवरच्या छत्रीची केबल आणि इंटरनेटची तार आली असेल तर तीही काढा. झटका तिकडूनही आत येतो.

लेझर, डोळे आणि घरची पोरं

या यंत्रांच्या आत बहुतेक वेळा डीएलपी चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली. चिपवर लाखो सूक्ष्म आरसे हलतात. यूएसटीमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिपवर फुल एचडीएवढेच आरसे असतात, प्रत्येक आरसा झपाट्याने चार जागा दाखवतो आणि त्यातून ४के चित्र बनतं. घरी बसून पाहताना ते ४के म्हणूनच दिसतं, त्याची चिंता नको.

लेझर एक रंगाचा की तीन रंगांचा, हे मात्र विचारा. तीन रंगांच्या लेझरमध्ये रंग जास्त गडद आणि खरे येतात. काहींना त्यात पांढऱ्या भागावर वाळूसारखी चमचम दिसते. डीएलपीमध्ये काहींना नजर फिरवताना इंद्रधनुष्यासारखे रंग चमकल्याचं जाणवतं. हे माणसागणिक बदलतं. म्हणून घरातल्या ज्यांना रोज पाहायचंय त्यांना दुकानात घेऊन जा आणि काळ्यावर पांढरी अक्षरं असलेलं दृश्य दाखवा.

लेझरचं आयुष्य २० ते २५ हजार तास सांगतात. म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड निम्मा होतो. रोज चार तासांनी २० हजार तास व्हायला तेरा वर्षांहून जास्त लागतात. त्याआधी पंखा किंवा बोर्ड बिघडण्याची शक्यता जास्त.

उजेड जिथून निघतो ती काच रांगत्या-चालत्या पोरांच्या तोंडाच्या उंचीवर येते. चांगल्या यंत्रांमध्ये कोणी वर वाकलं की उजेड कमी करणारा सेन्सर असतो. तो आहे का, आणि सुरू आहे का, हे लावतानाच पाहा. सेन्सर असला तरी काचेत बघायचं नाही हे पोरांना शिकवा. घरात खूप लहान मूल असेल तर दोन वर्षं थांबलात तरी काही बिघडत नाही.

शंभर इंचावर बघणार काय?

हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही आणि नंतर तोच टोचतो. साध्या सेट-टॉप बॉक्सवरच्या एसडी वाहिनीत ५७६ ओळी असतात. शंभर इंचावर एक ओळ दोन मिलिमीटरहून जाड होते. ४३ इंचावर छान दिसणारी मालिका इथे पुसट दिसेल. एचडी पॅक घ्यावा लागेल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये मराठी वाहिन्या अनेकदा मूळ पॅकमध्ये नसतात, त्या वेगळ्या निवडाव्या लागतात. तेव्हा एचडी रूप मिळतं का तेही विचारून घ्या.

ओटीटीवर ४के पाहायला १५ ते २५ एमबीपीएसचा स्थिर वेग लागतो. तालुक्याच्या गावात फायबर आलं असेल तर अडचण नाही, फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून असाल तर अवघड. काही प्रोजेक्टरमध्ये नेटफ्लिक्स अधिकृतपणे चालत नाही, वेगळी स्टिक लावावी लागते. दुकानात स्वतः उघडून बघा.

यंत्राचे आतले स्पीकर बातम्यांना पुरतात. सिनेमासाठी साउंडबार लागतो. पण टेबलाची मधली जागा प्रोजेक्टरने घेतलेली असते, साउंडबार उजेडाच्या आड न येता कुठे बसेल ते आधी ठरवा. जोडणीसाठी 'ई-आर्क' लिहिलेला एचडीएमआय पोर्ट हवा.

बिल कुठलं, तक्रार कुठे?

सीमेवरच्या माणसाची खरेदी बालाघाटात होते, गोंदियात होते, नागपुरात होते, ऑनलाइनही होते. जीएसटीचा दर सगळीकडे सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टर आणि मोठ्या टीव्हीवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे 'तिकडे कर कमी आहे' असं कोणी सांगितलं तर मानू नका. व्यवसायासाठी घेणाऱ्यांनी, उदाहरणार्थ कान्हाच्या मुक्की बाजूला होमस्टे चालवणाऱ्यांनी, दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून घेण्याआधी आपल्या सीएला विचारावं. काउंटरवर घेतलेल्या बिलाचा इनपुट क्रेडिट अडकू शकतो.

खरा फरक दुरुस्तीत आहे. गोंदिया चाळीसेक किलोमीटरवर आहे, पण अशा यंत्राचं अधिकृत सेवा केंद्र बहुधा मोठ्या शहरातच असतं. विकत घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा आणि आपला पिनकोड सांगून विचारा: माणूस घरी येतो की यंत्र पाठवावं लागतं? येण्याजाण्याचा खर्च कोणाचा? पडद्याला वॉरंटी आहे का? उत्तर मेलवर मागा. चिनी बाजारातलं मॉडेल स्वस्तात आणून विकणारेही आहेत. त्याला भारतात वॉरंटी नसते आणि मेन्यू चिनी भाषेत निघाल्याचाही अनुभव लोकांना येतो. मूळ पेटी आणि थर्माकोल निदान वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका, आरसा असलेलं यंत्र गोणपाटात गुंडाळून पाठवता येत नाही.

आणि हे लक्षात ठेवा: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नागपूरला घेतलेल्या यंत्रासाठी नागपूरच्या चकरा मारायची गरज नाही. बालाघाटचा माणूस बालाघाटात, गोंदियाचा गोंदियात तक्रार करू शकतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहावं. पक्कं बिल मात्र हातात हवं.

मग घ्यायचा की नाही?

७५ इंची टीव्हीपेक्षा शंभर इंची चित्र क्षेत्रफळाने पावणेदोन पट मोठं असतं. ८५ इंची टीव्हीशी तुलना केली तर फरक चाळीस टक्क्यांच्या आत येतो. घरात दिवसभर टीव्ही सुरू असतो, आजी-आजोबा दुपारी मालिका बघतात, खिडक्या मोठ्या आहेत, खोली तापते, असं असेल तर टीव्हीच घ्या. मोठा घ्या, पण टीव्ही घ्या.

तुमच्याकडे बारा बाय पंधरा किंवा मोठी खोली आहे, रात्री आठनंतर सगळे एकत्र बसून सिनेमा-क्रिकेट बघतात, खोली अंधारी आणि गार करता येते, आणि पडद्यासह पूर्ण पैसे बाजूला ठेवलेत, तर यूएसटीसारखा आनंद टीव्ही देणार नाही. आरशासारखी चकाकणारी काच समोर नसल्याने बऱ्याच लोकांना याचं चित्र डोळ्यांना सौम्यही वाटतं.

दुकानात जाण्याआधी एवढं करा:

१. ज्या भिंतीवर लावायचं तिथे मोबाइलने दुपारी आणि रात्री दिवे लावून फोटो काढा, दुकानदाराला दाखवा.

२. भिंतीवर २२१ बाय १२५ सेंटीमीटरचा चौकोन टेपने आखा आणि दोन दिवस तसाच ठेवा. घरच्यांना किती मोठं वाटतं ते कळेल.

३. मे महिन्यात त्या खोलीचं तापमान किती जातं ते आठवा किंवा मोजा.

४. प्रोजेक्टर, पडदा, साउंडबार, यूपीएस, सुतारकाम, जाड पडदे या सगळ्याची एकत्र बेरीज करा.

५. दुकानात दिवे लावून डेमो मागा. अंधारात सगळेच प्रोजेक्टर छान दिसतात.

६. सेवा केंद्राचं उत्तर लेखी घ्या.

७. बेरजेच्या आकड्यात मिळणारा सगळ्यात मोठा टीव्ही त्याच दुकानात शेजारी लावून बघा, आणि मगच ठरवा.